वीस सेकंदांत कोण उरतं?

रात्री फोर्टात फोटो काढत हिंडणारं आमचं एक टोळकं आहे. टोळक्यात भांडायला विषय कमी पडत नाहीत, पण ऐकण्यासारखं भांडण दोघांचंच असतं. अण्णा पथदिव्यांच्या कामातून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले. ट्रायपॉड घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नाहीत. रेवा तिशीतली, दिवसा विम्याच्या दाव्यांच्या फायली तपासते आणि रात्री हातात कॅमेरा धरून चालत राहते. खालचं बोलणं एका रात्रीचं नाही. कधी एशियाटिकच्या पायऱ्यांवर, कधी सायकलवरच्या चहावाल्याभोवती, कधी पहिल्या लोकलची वाट बघताना झालेलं मी एकत्र ओवलंय. चहाचे पैसे बहुधा मीच देतो, त्यामुळे मधूनमधून तोंड घालायचा हक्क राखून ठेवला आहे.

रेवा : अण्णा, महापालिकेच्या कोपऱ्यावरच्या सज्जात आपण पंधरा जण उभे होतो. ट्रायपॉडचे पाय एकमेकांत अडकलेले. समोर सीएसएमटी. खालून बस गेली की पंधरा शटर उघडणार, सिग्नल लाल झाला की पंधरा मिटणार. नंतर सगळ्यांचे फोटो शेजारी शेजारी ठेवून बघितले. नावं झाकली तर कुणाचा कुठला, ते काढणाऱ्यालाही सांगता आलं नसतं.

अण्णा : मग? तालमीत नवी पोरं सगळी एकसारख्याच जोर-बैठका काढतात. तुझ्या फोटोत स्टेशनचं घड्याळ पांढरंफटक जळलं होतं. शेजारच्यानं तीन एक्स्पोजर घेतली होती: एक घड्याळासाठी, एक भिंतीसाठी, एक कमानींतल्या अंधारासाठी. तू त्याला विचारलंस आणि पुढच्या खेपेला तुझ्या घड्याळाचे काटे दिसायला लागले. एकटी असतीस तर अजून जळकीच घड्याळं काढत बसली असतीस.

रेवा : काटे दिसले, मान्य. पण त्या वेळी चौकात काय चाललं होतं, ते कुठे दिसलं?

अण्णा : इमारत दिसली ना! फ्रेडरिक स्टीव्हन्सनं ते स्टेशन बांधलं, १८८८ मध्ये पुरं झालं. समोरची महापालिकाही त्याचीच, १८९३ ची. एका माणसाच्या दोन इमारती एकाच चौकात तोंडाला तोंड लावून उभ्या. दिवसा मान वर केलीस तर टॅक्सी अंगावर येते. दगडातली पानं, प्राणी, कमानींची घडण हे सगळं निवांत बघायला मुंबईत रात्रच लागते. आता त्यावर जांभळा-गुलाबी झोत टाकून त्याचं लग्नाचं कार्यालय करतात, तो भाग सोड. ते रंग बदलायच्या आधीचा आणि आकाश पुरतं काळं व्हायच्या आधीचा जो वेळ असतो, सूर्य बुडाल्यावरची वीस-पंचवीस मिनिटं, तेवढ्यात काम उरकायचं. आकाशाचा निळा आणि दिव्यांचा पिवळा एका मापात येतात, ते तेव्हाच.

रेवा : म्हणजे तुमची रात्र साडेसातला संपते. माझी त्यानंतर सुरू होते.

हे तिनं हसत म्हटलं, पण खोच खरी आहे. हौशी मंडळींचे 'रात्रीचे फोटो' म्हणून जे वाखाणले जातात, त्यांतले बरेचसे खरं तर संध्याकाळचे असतात. काळ्या आकाशाखालचं शहर छान दिसत नाही; दिव्याखाली भगभगीत आणि दोन पावलांवर मिट्ट. म्हणून लोक निळ्या वेळात फोटो काढून भेळ खातात आणि घरी जातात. रात्रीत उरतात ते अण्णांसारखे हट्टी, नाही तर रेवासारखे अस्वस्थ.

रेवा : तुमच्या फोटोंवर माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. ते रिकामे असतात. फ्लोरा फाउंटनचा तो तुमचा गाजलेला फोटो घ्या. आयएसओ शंभर, एफ अकरा, वीस सेकंद. दिव्यांना चौदा-चौदा किरण फुटलेले.

अण्णा : लेन्सला सात पाती आहेत म्हणून चौदा. आठ असती तर आठच फुटले असते.

रेवा : असू देत. त्या वीस सेकंदांत तुमच्यासमोरून किती माणसं गेली, मी तिथेच उभी होते. हॉटेल बंद करून निघालेली पोरं होती, मोठा झाडू घेतलेली एक बाई होती, मोबाईलवर बोलत एक जण रस्ता ओलांडत होता. फोटोत कुणीच नाही. मोबाईलवाल्याची एक फिकट रेघ तेवढी आहे.

अण्णा : हिशेब सोपा आहे. चालता माणूस एका जागी अर्धा सेकंद असतो. वीसपैकी अर्धा सेकंद त्याचा, बाकी साडेएकोणीस मागच्या भिंतीचे. भिंत जिंकते. पहिल्यापासून हे असंच आहे. १८३८ मध्ये दागेरनं पॅरिसच्या एका हमरस्त्याचा फोटो काढला, तोही भर दिवसा. काही मिनिटांचं एक्स्पोजर. गाड्या, घोडे, माणसं सगळी विरून गेली. राहिला एकच जण, जो बूट पॉलिश करून घ्यायला पाय टेकवून उभा होता. फोटोत आलेला तो पहिला माणूस, असं मानतात.

रेवा : पॉलिश करणाराही त्याच्यासमोर होता ना? त्याचा हात हलत होता म्हणून तो धूसर. थांबू शकणारा नीट दिसतो आणि राबणारा पुसला जातो. तुमच्या तंत्रातच हे बसलंय, अण्णा.

अण्णा : भौतिकशास्त्राला वर्गसंघर्ष चिकटवू नकोस.

रेवा : मी कशाला चिकटवू? तुमचाच फोटो मोठा करून बघा. मुंबईत रात्री वीस सेकंद न हलणारं कोण असतं? एक तर दगड, नाही तर झोपलेला माणूस.

यावर अण्णा काही बोलले नाहीत. खिशातून फडकं काढून लेन्स पुसत बसले. मलाही तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की आमच्या सगळ्यांच्या सुबक, निर्मनुष्य चौकटींत कुठेतरी कोपऱ्यात चादरीखालचा एक उंचवटा असतोच, आणि चौकातल्या कोणत्याही खांबाइतकाच तो रेखीव येतो.

हा विषय पुढे मोठा झाला. त्याआधी दिव्यांवरून जे वाजलं, ते थोडक्यात सांगतो, कारण त्यात दोघांनी आपापल्या बाजू सोडल्या.

रेवा : तुम्हाला जुने सोडियमचे दिवे हवे असतात. सगळं शहर काविळीनं पिवळं पडल्यासारखं. दादरच्या फुलबाजारात पहाटे झेंडू, अबोली, तुळस सगळं एकाच रंगाचं यायचं. आता एलईडीखाली हिरवं हिरवं दिसतं.

अण्णा : सोडियमच्या दिव्यात निळा-हिरवा प्रकाश नावालाच असतो. जो प्रकाश वस्तूवर पडलाच नाही, तो कॅमेऱ्यात येणार कुठून? व्हाइट बॅलन्स कितीही फिरव, पिवळ्याचं करडं होईल, अबोली काही परत येणार नाही. अगं, नोकरीत असतो तर मीच एलईडी बसवले असते. वीज कमी लागते, रस्ता नीट दिसतो. फोटो काढताना मात्र त्यांना शिव्या घालतो. मरिन ड्राइव्हला २०१५ मध्ये पांढरे दिवे लावले, तेव्हा राणीचा हार मोत्यांचा झाला म्हणून काय ओरड झाली! शेवटी पुन्हा पिवळसर दिवे आले. लोकांना उजेड नको होता, आठवण हवी होती.

रेवा : आणि तुम्हाला?

अण्णा : मला निळ्या आकाशासमोर नारिंगी हवं असतं. तेवढंच.

रेवा : एलईडीनं मला छळलंय ते वेगळ्याच कारणानं. टपरीवर ती स्वस्तातली ट्यूब असते ना, तिच्याखाली शटर हजारांशवर ठेवलं तर चेहऱ्यावर आडवे काळे पट्टे येतात. मला वाटलं, कॅमेरा गेला.

अण्णा : आपली वीज पन्नास हर्ट्झची. तसला दिवा सेकंदाला शंभर वेळा उजळतो आणि मंदावतो. तुझं शटर त्याच्यापेक्षा चपळ, म्हणून ते त्याला अर्ध्या वाटेत पकडतं. शंभरांश किंवा पन्नासांश ठेव. पट्टे जातील.

दोघांचं एका गोष्टीवर मात्र पूर्ण एकमत आहे आणि तिचा बळी मी आहे. मी फोनवर फोटो काढतो. फोनचा नाइट मोड भराभर अनेक फ्रेम घेतो, एकावर एक बसवतो आणि मध्यरात्रीच्या गल्लीत असा उजेड पाडतो की दुपारी चार वाजता वीज गेली असावी. अण्णांच्या मते यात अंधाराचा अपमान आहे, रेवाच्या मते खोटेपणा. मला दिसतं तरी, असं मी म्हणतो. माझं कुणी ऐकत नाही.

झोपलेल्या माणसांचा विषय पुन्हा निघाला तो बॅलार्ड इस्टेटमध्ये. एका कार्यालयाच्या कमानीखाली एक जण झोपला होता. चपला उशाखाली घेतलेल्या, गमछा तोंडावर, एक पाय पायरीवरून खाली लोंबलेला. वरच्या दिव्याचा चौकोन नेमका त्याच्या अंगावर. चौकट इतकी आयती होती की आमच्यातले सहा जण न ठरवता तिकडे वळले. अण्णा ट्रायपॉड घेऊन पुढे झाले आणि सरळ त्यांच्या आणि त्या माणसाच्या मधे उभे राहिले.

अण्णा : सहा जण सहा कॅमेरे रोखून एका झोपलेल्या माणसाभोवती. त्याला फोटो नाही म्हणत, पंचनामा म्हणतात. ती त्याची झोपायची खोली आहे. भिंत नाही, एवढंच.

रेवा : माझ्या हातात कॅमेरा होता, पण मी तो उचलला नव्हता. तरी तुम्ही म्हणताय ते मला पुरतं पटत नाही. ध्रुव मल्होत्राची 'स्लीपर्स' ही मालिका बघा. उघड्यावर झोपलेली माणसं, सगळी रात्रीची, लांब एक्स्पोजरची. ती बघताना किळसही येत नाही आणि कीवही. आपण ज्या रस्त्यानं रोज जातो, तो कुणाचं तरी घर आहे, एवढं नीट कळतं. हे फोटो काढायचेच नाहीत असं ठरवलं, तर मुंबईच्या रात्रीतून अर्धी मुंबई वजा होईल.

अण्णा : तो एकटा गेला असेल, थांबला असेल. त्याला काय बघायचंय ते त्याला ठाऊक होतं. आपले सहा जण काय बघत होते? दिव्याचा चौकोन! माणूस त्यात आयता सापडला. ब्रासाईचं घे. रात्रीच्या पॅरिसवरचं त्याचं पुस्तक १९३२ च्या अखेरीस आलं. एक्स्पोजर मोजायला तो सिगरेट ओढायचा. थोडा उजेड असला तर एका जातीची, फारच अंधार असला तर जास्त वेळ जळणारी दुसरी. तेवढा वेळ त्याच्यासमोर माणसं उभी राहायची, कारण त्यांना ठाऊक असायचं की फोटो काढला जातोय. कित्येकदा त्यानं मित्रांनाच उभं केलंय.

रेवा : म्हणजे नाटक चालेल, पण झोप नको?

अण्णा : नाटकात दोघं सामील असतात.

रेवा : बरं. मग तुमच्या फ्लोरा फाउंटनकडे येते. मूळ रॉ फाइल तुम्ही शिकवताना पडद्यावर दाखवली होती. डावीकडच्या दुभाजकावर एक माणूस झोपला होता. छापलेल्या फोटोत तो नाही. क्लोन करून तुम्ही तिथे फरसबंदी बसवली. मी न विचारता काढला तर चोरी, आणि तुम्ही न विचारता पुसला तर साफसफाई?

अण्णा : त्याचा चेहरा ओळखू येत होता.

रेवा : मग चेहरा काळोखात ठेवायचा. माणूस कशाला पुसलात?

अण्णा : (बऱ्याच वेळानं) फोटो बिघडत होता.

आमच्या टोळक्यात याहून प्रामाणिक वाक्य मी ऐकलेलं नाही. फोटो बिघडतो म्हणून तारा जातात, कचऱ्याचे डबे जातात, पाट्या जातात आणि त्याच हातासरशी माणूस जातो. आता तर हे काम संगणकाला नुसतं सांगितलं की होतं. फरसबंदीची रेघही तोच जुळवून देतो. अण्णांनी निदान तास-दीड तास बसून हातानं केलं होतं आणि त्या वेळात तो माणूस त्यांच्या डोळ्यांसमोर होता. घोळक्यानं झोपलेल्यावर कॅमेरे रोखू नयेत, इथपर्यंत मी अण्णांच्या बाजूचा. पण चौकटीत आलेला माणूस पुसायचा नाही, इथे रेवाच्या. चेहरा झाकता येतो, उजेड कमी करता येतो, नाही तर तो फोटो छापायचाच नाही. निर्मनुष्य मुंबई ही कुणीही कधीही न पाहिलेली गोष्ट आहे. तिची कॅलेंडरं कशाला छापायची?

अण्णा : तुला टोळकं नको, एकसारखे फोटो नको, घोळका नको. मग येतेस कशाला? एकटी हिंड. मी कित्येकदा पहाटे तीनला एकटाच असतो. कुणी काही करत नाही.

रेवा : तुम्हाला नाही करत. पांढरे केस, खांद्याला झोळी. हवालदार येतो आणि विचारतो, 'काका, झोप येत नाही का?' मला विचारतो, 'मॅडम, बरोबर कोण आहे?' तो वाईट माणूस नसतो, काळजीनंच विचारतो. पण तुमचा प्रश्न एका वाक्यात मिटतो, माझ्या प्रश्नाला तुम्ही पंधरा जण उत्तर म्हणून लागता. मी खाली वाकून व्ह्यूफाइंडरला डोळा लावते तेव्हा माझं आजूबाजूला लक्ष नसतं. ते कुणीतरी ठेवावं लागतं. आमच्या घरी 'ग्रुपबरोबर जातेय' हे सांगितल्यावर दार उघडतं. टोळक्यामुळे माझा फोटो सुधारतो की नाही, माहीत नाही. टोळक्यामुळे मला रात्र मिळते.

अण्णा : हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

रेवा : यायचं कारणही नव्हतं.

अण्णा : तसं म्हटलं तर हा नाद एकट्यानं करायचा कधीच नव्हता. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५४ मध्ये. डॉक्टर भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी तिचे सभासद, तेही डॉक्टर. त्या काळी काचेवर रसायनाचा लेप द्यायचा, तो ओला असतानाच फोटो घ्यायचा आणि ओला असतानाच धुवायचा. तंबू, बाटल्या, काचा सगळा बाडबिस्तरा. तो वाहून न्यायला चार हात लागायचेच. मग संध्याकाळी बसून एकमेकांच्या चित्रांवर बोलायचे. आम्ही फिल्मवर काढायचो तेव्हाही तसंच. मीटर दहा सेकंद म्हणालं तर प्रत्यक्षात पन्नास द्यावे लागायचे, कारण फार कमी उजेडात फिल्म मंदावते. हे पुस्तकात होतं, पण मला ते एका जुन्या सभासदानं अंधारात उभं राहून तोंडानं आकडे मोजत शिकवलं.

रेवा : आणि आता टोळक्यात काय बोलतात? कुणी कुठली लेन्स घेतली. फोटो दाखवला की 'मस्त', 'क्या बात', अंगठा. जळकं घड्याळ जळकं आहे, हे मला सरळ सांगणारे तुम्ही एकटे.

अण्णा : म्हणून तर माझ्या घरी छापील फोटो बघायला बसतो तेव्हा 'छान' म्हणायला बंदी आहे. छान म्हणायचं असेल तर का, ते सांगायचं. निम्मे लोक येईनासे झाले.

रेवा : उरलेले बरे आहेत.

त्यानंतर काही दिवसांनी रेवानं अण्णांना दादर स्टेशनबाहेर नेलं. पहाटेच्या सुमारास वर्तमानपत्रांचे गठ्ठे टेम्पोतून उतरतात आणि फुटपाथवरच पुरवण्या घालायचं काम चालतं. मांडी घालून बसलेली माणसं एका हातानं मुख्य अंकाची घडी उघडतात, दुसऱ्यानं पुरवणी सरकवतात, अंगठ्यानं घडी मिटतात. नजर समोर, गप्पा चालू. अंगठे शाईनं काळे. रेवा तिथे आधी नुसती चहा प्यायला जायची. कॅमेरा बाहेर काढला तो त्यांनीच 'बॅगेत काय आहे' विचारल्यावर. पस्तीसची लेन्स, एफ एक पॉइंट आठ, आयएसओ सहा हजार चारशे, शटर पन्नासांश. पट्टे नाहीत. हात किंचित हललेले, चेहरे स्थिर.

अण्णा : दाणे फार आहेत.

रेवा : आहेत.

अण्णा : उजवीकडच्याचा कान कापलास.

रेवा : तो तेवढ्यात टेम्पोकडे वळला.

अण्णा : आणि हा मधला म्हातारा कॅमेऱ्याकडे बघतोय, तो चिडलाय का?

रेवा : तो विचारतोय, फोटो कधी देणार. सगळ्यांनी विचारलंय. म्हणूनच तुमच्याकडे आलेय. सात प्रती हव्यात, पाच बाय सातच्या. मोबाईलवर पाठवते म्हटलं तर नको म्हणाले, कागदावरच पाहिजेत. पेपरवाले आहेत ना.

अण्णा : काळोख थोडा उचलावा लागेल. पडद्यावर दिसतं त्याहून कागदावर गडद येतं. फाइल मला दे, मी आधी एक नमुना काढतो. कान कापलाय त्याला वेगळी एकट्याची प्रत दे, नाही तर रुसेल.

रेवा : आहे त्याचा एक. ग्लॉसी काढायच्या ना?

अण्णा : छे! मॅट. शाईचे अंगठे लागणार त्यांना. ग्लॉसीवर पहिल्याच दिवशी ठसे उठतील.